पाळी जाण्याच्या वयात ताटात काय असावे?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४८ वर्षांच्या असून चोपडा तालुक्यातील एका खेड्यात राहतात. घरी केळीची शेती आहे आणि त्या स्वतः बचत गटातर्फे उन्हाळ्यात बिबडे-पापड करून विकतात. गेल्या दीड वर्षापासून त्यांची पाळी अनियमित झाली आहे. कधी दोन-तीन महिने येत नाही, आणि आली की आठ-दहा दिवस अंगावरून खूप जाते. दिवसातून अनेकदा छातीपासून चेहऱ्यापर्यंत एकदम वाफ उसळते, घाम सुटतो. रात्री अंगावरचे कपडे भिजतात, झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी घरातल्यांवर विनाकारण चिडायला होते. गुडघे दुखतात, वजन वाढून ६५ किलो झाले आहे. ‘अंगात उष्णता झाली’ असे सगळ्यांनी सांगितल्यामुळे त्यांनी तीळ, गूळ, बाजरी, उडीद, मेथी, वांगी, शेंगदाणे आणि अंडी एकेक करून सोडली. संध्याकाळी त्या चहा-टोस्टवर भागवतात आणि आठवड्यातून दोन उपवास धरतात, तरीही वाफा थांबलेल्या नाहीत. ओळखीच्या एका बाईंनी ‘हार्मोन संतुलित करणारी’ महागडी सोया पावडर घ्यायला सांगितली आहे, तर नणंद म्हणते, ‘पिशवीच काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल.’ त्यांचा प्रश्न असा : आणखी काय सोडले म्हणजे हा त्रास थांबेल, आणि पावडर घ्यावी का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना, तुम्ही सोडलेल्या पदार्थांची यादी एका कागदावर उतरवली आणि तुमच्या ताटात आता काय उरले आहे ते शेजारी लिहिले. उरले ते पोळी, वरण-भात, साबुदाणा, टोस्ट आणि चहा. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावरच मिळाले. आणखी काहीही सोडू नका. जे सोडले आहे त्यातले बहुतेक सगळे परत आणा.

तुम्ही लिहिलेली लक्षणे रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरची दिसतात. आपल्याकडे पाळी पूर्ण थांबण्याचे सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, आणि सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे वैद्यकशास्त्र मानते. त्याआधीची काही वर्षे अशीच आगेमागे होणारी असतात, कारण बीजकोशांतून होणारी इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनची निर्मिती एका संथ उतारावरून कमी होत नाही, ती वरखाली होत कमी होते. मेंदूतील ज्या केंद्राकडे शरीराचे तापमान राखण्याचे काम असते, ते या चढउतारामुळे फार हळवे होते. एरवी ज्या किरकोळ तापमानबदलाची त्याने दखलही घेतली नसती, त्यालाच ते ‘अंग तापले’ असे समजते आणि ताप बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या एकदम रुंद करते. त्यामुळे चेहरा लाल होतो, घाम फुटतो आणि मागाहून कधीकधी थंडीही वाजते. तुम्हाला जी वाफ जाणवते ती ही.

याचा अर्थ, उष्णता जाणवते ती खरीच आहे. पण ती तिळाने, उडदाने किंवा गुळाने साठवलेली नाही. पदार्थांना उष्ण आणि थंड म्हणण्याची आपली परंपरा जुनी आहे, आणि ऋतूनुसार खाण्याचे शहाणपण त्यात आहे, याबद्दल मला आदर आहे. मात्र तीळ, बाजरी किंवा मेथी सोडल्याने या वाफा थांबतात, असे कोठेही सिद्ध झालेले नाही. तुमचा स्वतःचा अनुभवही तेच सांगतो, कारण एवढे सगळे सोडूनही वाफा येतच आहेत.

आता, जे सोडले त्याचे मोल पाहू. इस्ट्रोजेन कमी झाले की हाडांची झीज भराभर होऊ लागते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. म्हणूनच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत इतर प्रौढांसाठी रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितले आहे, तर पाळी गेलेल्या स्त्रीसाठी १२०० मिलिग्रॅम. तुमच्या आजच्या ताटातून याच्या निम्मेही मिळत असेल असे मला वाटत नाही. चहातले दूध यात धरण्याइतके नसते.

हे कॅल्शियम भरून काढण्यासाठी बाहेरून काही विकत आणावे लागत नाही. पाव लिटर दुधातून सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळते. दुपारच्या जेवणात मोठी वाटी दही आणि एक पेला घट्टसर ताक घेतले तर त्यात आणखी अडीचशेच्या आसपास भर पडते. शेवग्याचा पाला आपल्याकडे बांधावर फुकट मिळतो. तो डाळ घालून शिजवला तर हिरव्या भाज्यांत कॅल्शियमसाठी त्याच्या तोडीची भाजी क्वचितच सापडेल. पालक मात्र या बाबतीत फसवा आहे. त्यात कॅल्शियम असते, पण ऑक्झलेटमुळे ते अंगी फारसे लागत नाही. तिळातलेही सगळे लागत नाही, तरीही दोन चमचे तिळाची चटणी रोज भाकरीबरोबर असावी. नाचणी आपल्या भागात फारशी पिकत नाही, पण किराणा दुकानात मिळते. आठवड्यातून दोन-तीनदा तिची भाकरी किंवा आंबील करून पाहा.

उडदाबद्दल मला जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तुम्ही उडीद सोडला म्हणजे कळण्याची भाकरी सोडली. ज्वारीबरोबर उडीद आणि मीठ घालून दळलेले ते पीठ आपल्या खान्देशातील पिढ्यांनी उगीच टिकवलेले नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो आणि उडदात तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र आले की दोघांतली उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. या वयात प्रथिने महत्त्वाची, कारण हाडांबरोबर स्नायूही झिजू लागतात. गुडघ्याच्या वरचे स्नायू अशक्त झाले की सगळा भार सांध्यावर पडतो, आणि तुमच्या गुडघेदुखीत त्याचाही वाटा असू शकतो. वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण धरले, तर तुम्हाला सुमारे ५४ ग्रॅम लागतात. दोन वेळच्या मिळून चार मध्यम भाकरींतून साधारण २० ग्रॅम, घट्ट डाळीच्या किंवा मटकी-चवळीच्या उसळीच्या दोन वाट्यांतून १४, पाव लिटर दुधातून ८, एका अंड्यातून किंवा मूठभर शेंगदाण्यांतून ६ ते ७ आणि दह्या-ताकातून उरलेले, असा हिशेब घरच्या घरी जमतो. चहा-टोस्टच्या संध्याकाळी मात्र तो कधीच जमणार नाही. दादर ज्वारीची भाकरी, कळणा, डाळ, भरीत, ताक हे आपले रोजचे जेवण या वयासाठी उत्तम आहे. त्यातले तेल आणि मीठ तेवढे सांभाळावे लागते.

मिठाचा विषय निघाला आहे, म्हणून एवढे सांगते. इस्ट्रोजेनचे संरक्षण गेल्यावर स्त्रियांमध्ये रक्तदाब आणि घातक कोलेस्टेरॉल वाढू लागते. दिवसभरात सगळे मिळून ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, जास्त मीठ नसावे. पापड, बिबडे, लोणचे आणि ठेचा यांतून ते नकळत पोटात जाते. तुम्ही स्वतः पापड करता, तेव्हा त्यात मीठ आणि पापडखार किती पडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. शेवभाजीची तर्री आणि तळलेली शेव हीसुद्धा रोजची नसावी, पण महिन्यातून एखाद्या वेळी मनापासून खाल्ली म्हणून काही बिघडत नाही.

अंगावरून आठ-दहा दिवस खूप जाते, ही गोष्ट तुम्ही पत्रात ओझरती लिहिली आहे, पण मला ती वाफांपेक्षा जास्त काळजीची वाटते. अशा रक्तस्रावाने हिमोग्लोबिन उतरते, आणि थकवा, धडधड, चिडचिड ही लक्षणे तुम्ही ज्याला ‘उष्णता’ म्हणता त्यात मिसळून जातात. हिमोग्लोबिनची साधी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते. लोहासाठी कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, हलीव आणि चालत असल्यास मांस-मासळी ताटात हवी, आणि जेवणात लिंबू पिळावे म्हणजे लोह नीट शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेतला तर हेच शोषण अडते, म्हणून चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर नुसत्या आहाराने ते भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मात्र एकाच वेळी घेऊ नये.

मग आहारातल्या कोणत्याही बदलाने वाफा कमी होतच नाहीत का? होतात, पण आपण जिथे शोधतो तिथे तो बदल नसतो. याबाबत सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे वाढलेले वजन थोडे कमी करणे. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासात सतरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या आहाराची पाहणी झाली. तिचे २०१२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे सांगतात की, भाज्या, फळे आणि अख्खी धान्ये वाढवून व स्निग्ध पदार्थ कमी करून ज्यांचे वजन वर्षभरात साडेचार किलो किंवा त्याहून अधिक उतरले, त्यांच्या वाफा पूर्ण थांबण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त होती. वजन उतरवायचे ते उपाशी राहून नव्हे. उपाशी राहून उतरलेल्या वजनात स्नायूही जातात, आणि तेच तर आपल्याला जपायचे आहेत. तेल मोजून वापरणे, चहातली साखर निम्मी करणे, टोस्ट-बिस्किटे बंद करणे आणि संध्याकाळी साडेसात-आठच्या आत हलके पण पुरते जेवण, म्हणजे एक भाकरी, घट्ट डाळ आणि भाजी, एवढ्याने सुरुवात होते. जोडीला रोज अर्धा तास भरभर चालावे. खुर्चीवरून हात न टेकता दहा-बारा वेळा उठ-बस करावी. गुडघे फार दुखत असतील तर आधी डॉक्टरांना विचारून.

दुसरी गोष्ट, दोन आठवडे एक वही ठेवा. वाफ कधी आली आणि त्याच्या तासाभरात काय खाल्ले, प्यायले किंवा केले, एवढेच लिहा. काही जणींना कडक गरम चहाने, काहींना रात्रीच्या झणझणीत रश्श्याने किंवा ठेच्याने वाफ उसळते, तर काहींना यातल्या कशानेच काही होत नाही. म्हणून ‘तिखट सोडा’ असा सरसकट सल्ला मी देणार नाही. वहीत तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, तरच ती कमी करा. दिवसाचे चार-पाच कप चहा मात्र दोनवर आणा आणि दुपारी चारनंतर घेऊ नका, कारण वाफांचे काही असो, झोपेवर त्याचा परिणाम होतोच.

ही वही ठेवताना बिबड्यांच्या दिवसांकडे विशेष लक्ष द्या. ज्या महिन्यांत जळगाव जिल्ह्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, त्याच महिन्यांत तुम्ही चुलीवर ज्वारीचा घाटा हाटता आणि मग उन्हात बसून ओल्या कापडावर बिबडे घालता. आधीच हळवे झालेले ते तापमानाचे केंद्र इतक्या उष्णतेत चटकन उसळणारच, आणि तिथे ताटातल्या कोणत्याही बदलाचा इलाज चालणार नाही. घाटा शिजवण्याचे काम पहाटेच उरकावे, ते गटातल्या मैत्रिणींनी पाळीपाळीने वाटून घ्यावे, चुलीपाशी असताना ताक किंवा लिंबूपाणी थोडे थोडे घेत राहावे आणि अंगावर सुती कपडे असावेत, एवढे तरी कराच. गटात तुमच्या वयाच्या आणखी दोघी-तिघी असतीलच. त्यांनाही हाच त्रास होत असेल आणि त्याही गप्प असतील.

आता पावडर. सोयाबीनमध्ये आयसोफ्लेव्होन नावाचे घटक असतात आणि ते शरीरात इस्ट्रोजेनसारखे, पण अतिशय सौम्य काम करतात. त्यांच्यावर अनेक प्रयोग झाले. काहींत वाफा थोड्या कमी झाल्या, काहींत फरक पडला नाही. आयसोफ्लेव्होनपासून अधिक प्रभावी द्रव्य तयार करणारे जंतू सगळ्यांच्या आतड्यांत नसतात, हे त्यामागचे एक कारण असावे. उत्तर अमेरिकेतील रजोनिवृत्ती तज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये जी शिफारसपत्रिका काढली, तिने पुरावे तपासून वाफांसाठी सोयाची शिफारस केलेली नाही. जवसाचीही कथा तशीच आहे. जवसाची चटणी आतड्यांना आणि हृदयाला चांगली, म्हणून जरूर खा, पण वाफांसाठी तिच्यावर विसंबू नका. सोयाबीन अन्न म्हणून उत्तम आहे. घरच्या पिठात थोडे दळून घातले किंवा सोयावडीची भाजी केली तर स्वस्तात भरपूर प्रथिने मिळतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचे अंतर ठेवावे, आणि स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांनी सोयाच्या गोळ्या-पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

‘पण त्या बाईंना गुण आला ना?’ असे तुमच्या मनात येईल. आला असेल. वाफा आपोआपच कमी-जास्त होत असतात, आणि औषधांच्या प्रयोगांत ज्यांना औषध नसलेली नुसती गोळी दिली जाते, त्यांच्यातही बऱ्याच जणींना काही आठवडे बरे वाटते. यामुळेच अशा पावडरींचा धंदा चालतो. बायांच्या न बोलल्या जाणाऱ्या त्रासावर कोणी महिन्याला हजारो रुपये कमावते, याची मला मनापासून चीड येते. तेच पैसे दूध, अंडी, डाळी आणि एका रक्ततपासणीवर खर्च करा.

उपवासाबद्दल मी श्रद्धेच्या आड येणार नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजी भगर, राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध आणि घरचीच केळी घेतली, तर उपवासही होईल आणि पोषणही होईल. आठवड्यातून दोनऐवजी एकच उपवास धरला तर देव रागावेल असे मला वाटत नाही.

ताई, एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला विचारावीशी वाटते. तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? सगळ्यांची जेवणे झाल्यावर पातेल्याच्या तळाशी पाणीदार आमटी उरते आणि दही संपलेले असते, हे चित्र आपल्या घराघरांत आहे. ताटात काय हवे याचा एवढा ऊहापोह करूनही, शेवटच्या ताटापर्यंत डाळ पोचतच नसेल तर सगळे कागदावरच राहील. स्वयंपाक झाल्याबरोबर स्वतःची वाटी आधी भरून बाजूला ठेवा, किंवा सगळ्यांबरोबर बसा. पुरुषमाणसांना आणि मुलांना याचे कारणही सांगा. पाळी जाण्यात लाजण्यासारखे काही नाही, आणि तुमची चिडचिड कशामुळे होते ते त्यांना कळले तर घरातले अर्धे वाद कमी होतील.

आहाराने होणारे काम आणि आहाराच्या आवाक्याबाहेरचे काम यांत गल्लत होऊ नये, म्हणून औषधांबद्दलही लिहिते. वाफांनी झोप आणि रोजचे जगणे बिघडत असेल, तर हार्मोनचे उपचार हा आजही सर्वांत परिणामकारक इलाज आहे. २००२ साली त्याच अमेरिकी अभ्यासाच्या एका भागातून धोक्याचे निष्कर्ष आल्यावर या उपचारांची मोठी धास्ती बसली; पण त्या पाहणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रीला त्यांचा लाभ बहुधा जोखमीपेक्षा जास्त असतो, असे आता मानले जाते. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ते चालत नाहीत. अशा स्त्रियांसाठी हार्मोनविरहित औषधेही आहेत. निर्णय डॉक्टरांचा आणि तुमचा, पण हा पर्याय विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

आणि पिशवी काढण्याचे म्हणाल, तर वाफांवर तो इलाजच नाही. शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले, तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते आणि वाफा व हाडांची झीज दोन्ही अधिक तीव्र होतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. गरज नसताना हे अवयव काढले जातात, हे तेव्हा सर्वांसमोर आले. काही आजारांत ही शस्त्रक्रिया खरोखरच लागते, पण ती तपासण्यांनंतर, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन आणि ‘बीजकोश ठेवणार की काढणार?’ हे स्पष्ट विचारूनच.

तेव्हा या महिन्यातच जवळच्या उपजिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. धुळे-नंदुरबारकडच्या वाचकांना धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एकटीला संकोच वाटत असेल तर आशाताईंना बरोबर न्या. गेल्या वर्षभरातील पाळीच्या तारखा, किती दिवस आणि किती कापड किंवा पॅड लागले, हे त्याच वहीत लिहून नेले म्हणजे तपासणी नेमकी होते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तातील साखर आणि रक्तदाब तपासून घ्या, कारण थायरॉइड वाढल्यानेही अशाच वाफा येतात आणि धडधडते. सोनोग्राफीची गरज आहे का ते विचारा. ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी आयुष्मान आरोग्य मंदिरात स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणी मोफत होते, ती राहिली असेल तर करून घ्या. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थेंबभरही रक्त दिसले, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेले, तासा-तासाला पॅड बदलावे लागले, किंवा रात्रीच्या घामाबरोबर ताप, खोकला आणि वजन घटणे असेल, तर कोणत्याही वाचक भगिनीने थांबू नये, लगेच दाखवावे. नणंदबाईंनाही सोबत घेऊन जा. पिशवीबद्दल त्यांच्या मनात जे आहे ते त्यांनी डॉक्टरांनाच विचारलेले बरे.